मेन स्विच कुठाय, ते आधी सांगा!

कुणाच्या घरचा स्विचबोर्ड उघडायला गेलं की बोर्डाआधी माणसंच उघडी पडतात. दिवा का लागत नाही हे सांगता सांगता काय काय सांगून बसतात! मी रेश्मा, भाजे गावची. आयटीआय करून मळवली स्टेशनजवळच्या शंकरभाऊंच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात लागले. भाऊ आता साठीचे, गुडघे धरलेले. शिडीवर मी चढते. चहाला बसलो की भाऊ म्हणतात, "आगं, त्यो किस्सा सांग की!" मग एकावर थांबतंय कोण?

*

तुंगार्लीच्या एका बंगल्यातनं फोन आला. जिन्यातला दिवा कधी खालून लागतो, कधी लागतच नाही. मी गेले. साहेबांनी माझ्या मागं रस्त्याकडं बघितलं.

"इलेक्ट्रिशियन कुठाय?"

"उभी आहे ना समोर!"

साहेब अख्खा वेळ डोक्यावर उभे. आधी तीन जण येऊन गेले म्हणे, तिघांनीही बल्ब बदलला! मी वरचं बटण उघडलं. जिन्याला तीन तारांचं टू-वे बटण लागतं, तिथं कुणीतरी साधं दोन तारांचं ठोकलेलं. पाच मिनिटांत बदललं. वरून लावा, खालून बंद करा, सगळं सुरळीत.

"कोणी शिकवलं तुला?" साहेबांनी विचारलं.

"त्या तिघांनी नाही!"

*

पवनेकडच्या एका फार्महाऊसवर फ्यूज सारखा उडायचा. फोन आल्यावर महिन्याभरानं जायला जमलं, भाऊही बरोबर होते. तिथले केअरटेकर मामा खुशीत म्हणाले, "आता काळजी न्हाई. मी बंदोबस्त केलाय."

भाऊंनी फ्यूज ओढून काढला. आत बारीक तारेच्या जागी कुंपणाची जाडजूड तार!

"महिना झाला, एकदा बी उडला न्हाई," मामा म्हणाले.

"व्हय," भाऊ म्हणाले, "आता फ्यूज न्हाईच उडायचा. बंगला उडंल!"

मामा तार परत द्या म्हणून हटून बसले. भाऊंनी ती खिशात घातली. जास्तीचा लोड कशाचा ते शोधलं, दोन हीटर वेगळ्या लाइनवर घेतले, मगच निघालो.

*

लोणावळ्यात एक होमस्टे आहे. गीझर लावला की नळाला हात लावताच झिणझिण्या येतात अशी तक्रार. बघते तर अर्थिंगची तार कापून टेपनं गुंडाळलेली. मी गीझरचं कनेक्शनच काढलं. मालक तापले.

"अगं, दुपारी गेस्ट येतायत! तात्पुरतं चालू कर."

"अर्थिंग केल्याशिवाय नाही."

"मी जबाबदारी घेतो म्हणतोय ना!"

"बरं," मी म्हटलं, "चालू करते. पहिली अंघोळ तुम्ही करा. मी इथंच थांबते."

मालक बाथरूमकडं बघत राहिले. मग फोन काढला आणि अर्थिंगचा खड्डा खणायला माणसं बोलावली! गेस्टांनी त्या दिवशी चुलीवरच्या पाण्यानं अंघोळ केली. गावाकडची मजा म्हणून फोटोही काढले म्हणे.

*

इंदुरीत दोन रिटायर्ड शेजारी. एकाच्या फाटकावरची बेल आपोआप वाजायची. त्याला वाटे, शेजारीच दाबून पळतो. पावसाळाभर दोघांचं बोलणं बंद! मी बेलचं बटण उघडलं तर आत मुंग्यांचं वारूळ, वर ओल. पाणी शिरलं की तारा आपसूक जुळायच्या. दुसरा शेजारी कुंपणापलीकडून सगळं बघत होता.

"मी सांगत हुतो! मी दाबली न्हाई, आन् दाबणार बी न्हाई!"

नवं बटण बसवलं, वर पाण्यापासून झाकण लावलं. पहिले आजोबा मान खाली घालून उभे. जरा वेळानं कुंपणापलीकडून आवाज आला, "आता... एकदा दाबून बघू का?"

*

आणि हा कार्ल्याकडचा. मेन सारखा ट्रिप होत होता. मी बोर्डावरचे सगळे एमसीबीचे खटके खाली पाडले, मग एकेक वर केला. चौथा वर केला की मेन खाली!

"हा कुठला?"

"देवघर. पाण्याची मोटरही त्याच्यावरच," घरमालक म्हणाला. दोन दिवस टाकी कोरडी होती. मी बॅग उचलली, तसं त्यानं विचारलं, "भाऊ म्हणाले, तू भाज्याची. भाज्यात कुठं राहतेस गं?"

"बुद्धविहाराच्या मागं."

तो दारात आडवा झाला. "देवघर तेवढं राहू दे. बाहेरूनच बघ काहीतरी."

"त्याचा बोर्ड आत आहे."

"मग दुसऱ्या कुणाला तरी पाठव."

मी आवाज चढू दिला नाही. टेस्टर त्याच्या हातात दिला. "दुसरं कशाला? तुम्हीच जा. लाइन चालू ठेवून तपासायचंय."

तो टेस्टर धरून तसाच उभा. मी बाकीचं सामान आवरायला लागले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्याची आई आली, रिकामी कळशी घेऊन. लेकाला कोपरानं बाजूला सारलं. देवघरात जाऊन समई उचलली, पाट सरकवला.

"ये गं पोरी. चपला काढ आन् ये."

"आजी, चपला रबरी आहेत. चालू लाइनवर मी काढत नाही."

म्हातारीनं माझ्या पायांकडं बघितलं. मग लेकाकडं बघितलं, चांगलं निरखून.

"मग घालून ये!"