टँकरच्या दिवसांचे आकडे

हे सांगणं मी बरीच वर्षं टाळलं. दुष्काळात ऊस नव्हता; सहकारी कारखाना बंद होता. वजनकाट्यावरचा कारकून रिकामा होता, म्हणून माझ्या सूर्यडागांच्या संशोधनासाठी तो दुर्बिणीतून सूर्याचं बिंब कागदावर पाडून रोज डाग मोजायचा. पाण्याचा टँकर आला की तो रांगेत असे आणि त्या दिवसाचा रकाना कोरा ठेवी. ते रकाने मी अंदाजाने भरले. माझा शोधनिबंध तपासणाऱ्यांनी नेमके तेच आकडे पकडले, तेव्हा चूक त्याची असल्याचं मी लिहून कळवलं. त्या पत्राची माझ्याकडची प्रत त्याने वाचली.

"सर, टँकरच्या दिवशी म्या सूर्य बघितलाच न्हाई. आकडा कशाला लिहीन?"

पुन्हा त्याने दुर्बिणीला हात लावला नाही. पुढे माफी मागायला मी घाटनांदूरला त्याच्या घरी गेलो, चहा प्यालो आणि पावसापाण्याचं बोलून परत आलो.