मेहुण्याच्या हातातला दोर

आमच्या खानदेशात, निदान आमच्या गावात तरी, विहिरीतला गाळ काढायला माणूस खाली उतरला की त्याचा दोर त्याच्या मेहुण्याने धरायचा, अशी रीत होती. सख्खा भाऊ असला तरी त्याने बाजूला उभं राहायचं. भाऊ एक वेळ वाटणीच्या रागात हात सैल सोडेल, पण मेहुणा स्वतःच्या बहिणीचं कुंकू कसा पुसेल, हा त्यामागचा हिशोब. मला तो बिनतोड वाटायचा. त्याच हिशोबापायी सिल्वासात माझा जीव जाणार होता.

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. मी सिल्वासाजवळ मसाटला एका सुताच्या कारखान्यात फिटर होतो. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, गलोंड्याला एका कारखान्यात पॅकिंगमध्ये लागला होता आणि आमच्याच घरी राहायचा. कारखान्याला पाणी दमणगंगेचं. नदीकाठी जॅकवेल होती, म्हणजे पंप बसवलेली खोल पक्की विहीर, आणि नदीतलं पाणी त्या विहिरीत आणणारा एक पाइप जमिनीखालून गेलेला. माणूस रांगत जाईल एवढा तो रुंद, आणि मध्येच त्याला एक वाकण. दर पावसाळ्यानंतर त्यात गाळ आणि जलपर्णीच्या मुळ्या अडकायच्या. मग मुंबईहून पाणबुडे यायचे.

त्यांचा मुख्य म्हणजे नौदलातून निवृत्त झालेला कोकणी माणूस होता. त्याला सगळे उस्ताद म्हणत. दर वेळी मुंबईहून माणसं आणण्यापेक्षा इथलाच एक तयार करावा, असं त्याच्या मनात आलं. पोहता कुणाला येतं, असं त्याने विचारल्यावर मी हात वर केला. तापीच्या पुरात पोहलेला गडी मी! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"पाण्याखाली जीव घाबरला तर काय करशील?" उस्तादाने पहिल्याच दिवशी विचारलं.

"वर येईन."

"पाइपात वर काय असतं?"

वर पाइपच असतो. डोकं बाहेर काढायला वर जागाच नाही, ही एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती, आणि ती कळल्यावर मी हबकून गेलो. "पट्टीचे पोहणारे आधी मरतात," उस्ताद शांतपणे म्हणाला, "कारण त्यांना वर यायची सवय असते. तुझी ती सवय मोडण्यात हा हिवाळा जाईल."

आणि खरंच गेला. सुरुवातीला त्याने मला पाण्याजवळ फिरकूच दिलं नाही. सुताच्या गोदामात बॉबिनच्या खोक्यांमधून त्याने एक दोर फिरवला, माझे डोळे बांधले आणि दोराभोवती अंगठा-बोटाची कडी करून मला रांगायला लावलं. कामगार खिदळत होते. मला असा संताप आला होता म्हणता! मध्येच तो दोर सैल करायचा. मी लगेच तो ओढून जवळ घ्यायचो, आणि तो ओरडायचा, "मेलास! दोर हा रस्ता आहे. रस्ता कुणी गोळा करून घेतं का? पडलाय तिथंच राहू दे. तू त्याच्याकडे जा."

मग जवळच्या रांधा गावातल्या एका शेतकऱ्याची विहीर. तिथे पाठीवर हवेची टाकी लावून श्वास घ्यायला शिकलो, तळाचा गाळ न ढवळता तरंगत राहायला शिकलो. उस्ताद मागून येऊन माझ्या तोंडातली नळी उपटून काढायचा आणि ती मी चाचपडत शोधायची. पहिल्यांदा मी इतकं पाणी प्यायलो की रात्री जेवलो नाही. हवेचे तीन वाटे करायचे, हेही तिथेच त्याने घोकून घेतलं. एक वाटा जायला, एक यायला, आणि तिसरा कुणाचाच नाही, त्याला हात लावायचा नाही. त्यानंतर नदीत, डोळ्यांवरच्या काचेला काळा कागद चिकटवून. मग पुलाखालच्या एका सिमेंटच्या पाइपातून, ज्याच्या दोन्ही तोंडांना उजेड दिसायचा. ते जमल्यावरच जॅकवेलचा पाइप, तोही मागे वळून पाहिलं तर उजेड दिसेल तेवढाच. वाकणाचं नाव काढलं की तो म्हणायचा, "घाई असेल तर मसाटला बस जाते."

घरी बायकोला हे सगळं कळलं तेव्हा तिने एकच विचारलं, "दोर कोन धरी?"

"उस्तादाचा माणूस."

"परका मानूस? मना भाऊ घरमा शे ना!"

पुढच्या रविवारी मेहुणा नदीवर हजर. उस्तादाने साफ नकार दिला. म्हणाला, "दोरावर नात्यातला नको. नात्यातला माणूस ओढतो." विहिरीत वर ओढलं की माणूस वाचतो, पण वाकणाच्या पलीकडचा माणूस ओढला तर तो कोपऱ्यात अडकून मरतो, हे त्याने जमिनीवर रेघ काढून समजावलं. मेहुण्याने मान डोलावली आणि तिथून हलला नाही. मग बायको स्वतः आली. ती काय बोलली ते मला ठाऊक नाही, पण उस्ताद वैतागून म्हणाला, "बरं, मग हाही शिकेल."

मेहुणा माझ्यापेक्षा मन लावून शिकला. मूठ वळायची नाही, दोन बोटं दोरावर नुसती ठेवायची. एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे आणखी दोर सोड. काहीच कळलं नाही तर वाट पाहायची. खिडकीच्या गजाला दोर बांधून तो संध्याकाळी सराव करायचा आणि त्याची बहीण पोळ्या लाटता लाटता स्वयंपाकघरातून दुसरं टोक हिसकायची. उस्तादाच्या सगळ्या परीक्षांत तो उतरला.

वाकणापलीकडे जायचा दिवस आला. पंप बंद केले, पंपाच्या खोलीला कुलूप लावून किल्ली उस्तादाने खिशात टाकली. स्वतःही टाकी चढवून तो पाण्यापाशी बसला. माझ्या कमरेला दोर. काठावर लोखंडी खुंट्याला त्याचं दुसरं टोक, आणि खुंट्यापुढे मेहुणा, दोन बोटं दोरावर. "दाजी, जपीसन," तो म्हणाला. मी आत शिरलो.

वाकण ओलांडलं आणि मुळ्यांचं जाळं लागलं. हाताने तोडायला लागलो तसा गाळ उठला आणि सगळं काळं झालं. एक मुळी टाकीच्या तोटीत अडकली होती. मी जागच्या जागी थांबून ती सोडवत होतो. घाबरलो नव्हतो. फक्त बाहेर झटका द्यायचा राहून गेला, कारण दोन्ही हात गुंतलेले होते.

आणि एकदम कुणीतरी कमरेला धरून मला मागे खेचलं. मला आधी कळेचना की हे काय आहे. दोर वाकणाच्या कडेला घासून ताठ झाला, मी उलटा फरफटत कोपऱ्यावर आपटलो, टाकी वरच्या बाजूला ठोकली गेली आणि तोंडातली नळी निघून गेली. दोर ओढणं थांबेना. बरगड्या दाबल्या जात होत्या. मेहुणा ओढतोय हे लक्षात आलं तेव्हा मला भीतीच्या आधी आश्चर्य वाटलं. ज्याच्या हातात मी सगळ्यात सुरक्षित, तोच मला मारतोय!

नळी हाताने शोधली. ते डोक्याने केलं नाही, रांध्याच्या विहिरीने केलं. तोंडात घेतली, श्वास घेतला, आणि त्याच क्षणी दोर मेला. तो ताठरपणा गेला आणि माझ्या हातात नुसती ओली सुतळी राहिली. दोर तुटला होता. घरी जायचा रस्ताच तुटला होता. सगळं अंग सांगत होतं की ओढ, ओढून बघ, टोक कुठं आहे. पण गोदामातला आवाज कानात बसलेला होता. रस्ता गोळा करायचा नाही. मी बोटांची कडी केली आणि दोर न हलवता त्याच्या मागे रांगत निघालो. वाकण आलं, गेलं. पाइपाच्या तोंडाशी दोर संपला. तिथे दोराचं कापलेलं टोक होतं आणि ते एका हाताने धरलेलं होतं. उस्तादाचा हात.

वर आलो तर मेहुणा खुंट्यापाशी बसला होता. उरलेला दोराचा तुकडा दोन्ही मुठींत घट्ट धरून तो एकसारखा म्हणत होता, "मी दाजीले मारी टाकं, मी दाजीले मारी टाकं." मी समोर उभा होतो तरी त्याला दिसत नव्हतो.

"ओरडलो, थोबाडीत मारली," उस्ताद म्हणाला, "पण मुठी उघडेनात. मग दोर कापला."

मेहुण्याने अन्न सोडलं. कामावरही जाईना. इकडे अर्ध्या मुळ्या पाइपातच होत्या आणि उस्ताद म्हणाला, जायचं की नाही ते तू ठरव. दोरावर त्याचाच माणूस राहील, असं मी घरी सांगितलं. बायको आता 'तिकडे जाऊच नका' म्हणणार याची मला खात्री होती.

"नही," ती म्हणाली. "दोर मना भाऊच धरी."

ही बाई शुद्धीवर आहे ना? "त्याने मला जवळजवळ मारलंच होतं," मी ओरडलो.

"माले ठाऊक शे. पन तो आज दोर सोडी, त जन्मभरना गया कामतून." ती रडत नव्हती. भावासाठी तिने स्वतःचं कुंकू पणाला लावलं होतं. उस्ताद तर ऐकूनच घेणार नाही, असं वाटलं. पण तोही म्हणाला, "चालेल."

दुसऱ्या खेपेला मी वाकणापलीकडे गेलो. मुळ्या खूप होत्या. मध्ये पुन्हा हात गुंतले, पुन्हा झटका द्यायचा राहिला. मी कमरेकडे लक्ष देत थांबलो. दोर हलला नाही. हात मोकळे झाल्यावर मी एक झटका दिला, आणि लगेच बाहेरून एक हलकासा झटका आला.

काम संपवून बाहेर आलो तेव्हा बायको काठावर उभी होती. मी आत गेल्यावर ती आली असावी. मेहुणा खुंट्यापुढे बसला होता. डाव्या हाताची दोन बोटं दोरावर, आणि उजवा हात जुन्या लुगड्याच्या पट्टीने कमरेशी करकचून बांधलेला. त्या हाताची बोटं निळी पडली होती.

"हे काय?" मी विचारलं.

"ताईनी बांधा," तो म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

गाठ ओली होऊन घट्ट बसली होती. उस्तादाने कमरेचा चाकू काढला.

"चाकू नको," बायको म्हणाली. आणि खाली बसून ती दातांनी गाठ सोडवायला लागली.