पासवर्ड मिळणार नाही!

लोकांकडे लग्नाचे किस्से असतात, प्रवासाचे असतात. माझ्याकडे एका सर्व्हरचे आहेत! मैत्रिणी भेटल्या की आधी विचारतात, "काय म्हणतात तुझे आबा?" नवऱ्याची चौकशी त्यानंतर. किस्से मी जमवत नाही, मी फक्त रावेरला जाऊन येते आणि ते आपोआप साठतात.

आबा म्हणजे रावेरजवळच्या आमच्या केळी उत्पादक गटाचे अध्यक्ष. मी जळगावची, लिनक्स सर्व्हर सांभाळणारी. गटातल्या सगळ्या शेतकऱ्यांची माहिती एका डेटाबेसमध्ये ठेवायची, एवढंच माझं काम. हा डेटाबेस रकान्यांच्या तक्त्यांचा नाही, कागदांचा, म्हणजे संगणकातल्याच कागदांचा. एका शेतकऱ्याचा एक कागद. कोणाच्या कागदावर एक बाग, कोणाच्या कागदावर तीन, कोणाचं ठिबक, कोणाची टिश्यू कल्चरची रोपं. ज्याचं जसं असेल तसं लिहायचं.

पण त्या कागदावरची एक ओळ फार मोलाची. बाग कापणीला कधी येणार, ती तारीख! घड तयार झाला की थांबत नाही. कोणाची बाग कोणत्या आठवड्यात अडणार हे खरेदीदाराला आधी कळलं, तर तो बांधावर येऊन मनाला येईल तो भाव सांगतो. म्हणून ही तारीख गटाबाहेर जाऊ द्यायची नाही, असं मी पहिल्याच दिवशी ठरवलं. पुढची सगळी भांडणं त्यातूनच झाली आणि एकाचाही मला पश्चात्ताप नाही.

*

माझ्याआधी हा डेटाबेस दोंडाईच्याच्या प्रवीणने बसवला होता. चार्ज घेताना मी त्याला फोन केला. "प्रवीण, पासवर्ड काय ठेवलाय?"

"पासवर्ड? नई ना अक्का! बठ्ठं मोकळं शे. कोठूनबी उघडा!"

मी लॉग, म्हणजे सर्व्हरकडे कोण कोण आलं त्याची नोंद, उघडून पाहिला. परदेशातले कुठले कुठले पत्ते दिवसभर आमचं दार ठोठावत होते. नशीब, तेव्हा आत नमुन्याचे चारच कागद होते. मी घाबरून आबांना सांगितलं.

आबांनी चष्मा वर केला. "परदेशातून?"

"हो आबा!"

"मंग केळी घ्या म्हनावं! एवढ्या लांबून दार वाजवू राह्यले, रिकाम्या हातानं काहून जाता?"

मी तिथल्या तिथे दार लावलं. डेटाबेसने फक्त रावेरच्या कचेरीतल्या त्याच्या मशीनचं ऐकायचं, बाहेरच्या कोणाचं नाही, आणि लॉगिन केल्याशिवाय कोणालाच आत प्रवेश नाही. प्रवीणला तसं कळवलं.

तो हिरमुसला. "मंग मी कोठून येऊ, अक्का?"

"रावेरहून. एसटी आहे!"

*

ते मशीन फारच जुनं होतं. डेटाबेसची नवी आवृत्ती त्याच्या प्रोसेसरवर चालेना. जुनी चालत होती, पण तिच्यातली भोकं आता कोणी बुजवत नव्हतं. मी म्हटलं, "आबा, मशीन बदलावं लागेल."

आबा भडकले. "मी सत्तरीचा झालो. मले बदललं का कोनी?"

मी पण तयारीतच होते. "तुमचा गुडघा बदलला की मागच्या वर्षी!"

चौथ्या दिवशी नवीन मशीन आलं.

*

आता माझी स्वतःची फजिती. ती लपवली तर बाकीचं सांगायचा मला हक्क नाही.

जळगावला घरी बसून, फक्त माझ्यासाठी ठेवलेल्या एका दाराने आत जाऊन, मी त्या सर्व्हरवर फायरवॉल लावली. म्हणजे हवी तेवढी दारं उघडी ठेवायची आणि बाकी सगळी बंद. मोठ्या रुबाबात एंटर दाबलं. स्क्रीन जागच्या जागी गोठली! सगळी दारं बंद केली होती आणि ज्या दाराने मी आत गेले होते तेच उघडं ठेवायला विसरले होते.

सकाळच्या एसटीने रावेर गाठलं. कचेरीत जाऊन टेबलाखाली वाकून कीबोर्ड जोडत बसले. आबा खुर्ची ओढून शेजारीच बसले आणि सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे आता तूबी आत जाऊ शकत नाही?"

"नाही आबा," मी टेबलाखालून म्हटलं.

"मंग आज पक्का झाला बंदोबस्त!"

*

नाना आमचे कारकून. कचेरीच्या बाहेर काळा फलक आहे. त्यावर नाना रोज सकाळी खडूने केळीचा भाव लिहितात. अक्षर असं सुंदर की बघत राहावं.

गटाचं अ‍ॅप सुरू केलं तेव्हा नोंदी करायला मी नानांना त्यांचा पासवर्ड दिला. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर फलकावर वर भाव, खाली पासवर्ड! त्याच सुंदर अक्षरात. शिवाय अधोरेखित!

"नाना!!"

"अहो मॅडम, जो तो येऊन विचारतो. एकदा लिहून टाकलं की कटकट गेली!"

फलकासमोर एका खरेदीदाराचा माणूस मोबाइलवर फोटो काढत उभा होता. मी ओढणीने फलक पुसला, भावासकट. आत धावत जाऊन पासवर्ड बदलला, तेव्हा कुठे जिवात जीव आला. 

दुसऱ्या दिवशी तोच माणूस दारात हजर! अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, कालचा चालला नाही. आजचा कधी लावणार?"

*

मग मी प्रत्येकाचे अधिकार कडक केले. ज्याला त्याला आपापला कागद दिसणार, दुसऱ्याचा नाही. सगळ्यांच्या तारखांची यादी काढायचा अधिकार एकट्या माझ्याकडे, कापणीच्या टोळ्या ठरवण्यापुरता.

"अध्यक्षालेबी फक्त आपलाच कागद?" आबांनी विचारलं.

"अध्यक्षांनाही!"

दोन दिवस आबा माझ्याशी कामापुरतं बोलले. तेवढ्यात गटाची सभा आली. मागच्या रांगेतून एकाने आरोप केला की अध्यक्ष सगळ्यांच्या तारखा बघतात आणि आपली बाग आधी कापून घेतात. आबा उठले. सगळ्यांसमोर प्रोजेक्टरवर स्वतःचं लॉगिन उघडलं. त्यांचा एकच कागद दिसला.

"पाहा रे! मले माझंच दिसते. काय कामाचं हे अध्यक्षपद?"

सगळी सभा हसून लोटपोट झाली. आरोप करणाराही हसला.

*

आणि हा शेवटचा. मैत्रिणी हा पुन्हा पुन्हा सांगायला लावतात.

आबांची लेक ज्या घरी दिली आहे, ते मोठे खरेदीदार. एके दिवशी आबांचे व्याही स्वतः कचेरीत आले. चहा झाला, नातवंडांची विचारपूस झाली. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"आबासाहेब, घरातलीच गोष्ट आहे. येत्या महिन्यात कोणाकोणाच्या बागा कापणीला आहेत, तेवढी यादी द्या."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, काढून दे यादी."

"नाही देत."

"मंग तुझा पासवर्ड दे. नाना काढतील."

"पासवर्ड मिळणार नाही."

नानांनी मान खाली घातली. व्याही हसले. "आबासाहेब, तुमच्याकडे नोकर माणसं मालकाला नाही म्हणतात?"

आबा लालबुंद झाले. टेबलावर हात आपटून ओरडले, "उद्यापासून यायचं नाही! नीघ!"

  मी म्हटलं, "जाते. पण तारखा शेतकऱ्यांच्या आहेत आबा. त्या तुमच्याही नाहीत आणि माझ्याही नाहीत." बॅग उचलली आणि स्टँडवर आले. याच आबांसाठी मी टेबलाखाली बसले होते, ओढणीने फलक पुसला होता. रडूही येत होतं आणि आपण नाही म्हणालो याचा ताठाही वाटत होता.

जळगावची गाडी लागली. मी पायरीवर पाय ठेवला, तेवढ्यात नानांची मोटारसायकल शेजारी येऊन थांबली. मागे आबा बसलेले. ते उतरले नाहीत.

"उद्या किती वाजता येतीस?"

"काढलंत ना मला?"

आबांनी मागे वळून रस्त्याकडे एकदा पाहिलं. "व्याही बसले व्हते तवर काढलं व्हतं. गेले ते."

 कंडक्टरने बेल मारली. आबांनी नानांच्या खांद्यावर हात मारला, चल म्हणून. मोटारसायकल वळता वळता मला ओरडून म्हणाले, "आन् पुढल्या वेळेले अजून जरा जोरात नाही म्हनजो! व्याह्याले एका कानानं कमी ऐकू येते!"