मास्तरांचा बसलेला आवाज

वांकिडीहून कागजनगरला जाणारी बस सुटायला आली, तरी बाबा खिडकीखाली उभे राहून बोलतच होते. बोलत म्हणजे ओरडत. इंजिन घरघरत होतं, टपावर मिरच्यांची पोती चढत होती, आणि त्या सगळ्यावरून बाबांचा घोगरा आवाज येत होता: "कोनाले भ्यायचं नाही. दबून बोलायचं नाही. समजलं काय?" सगळ्या बसला समजलं. आई मागे उभी राहून पदरानं डोळे पुसत होती आणि मी लाजून "हो बाबा, हो" करत होते.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. कागजनगरहून रेल्वेनं पुढे हैदराबादला निघाले होते; तिथल्या एका इस्पितळात मला वाचा-उपचाराची फेलोशिप मिळाली होती. हे काय असतं ते गावात कोणाला सांगता आलं नाही. "तोतऱ्याले बोलाले शिकवते," असं आईनं शेजारी सांगून टाकलं आणि विषय मिटला. गाववाल्यांनो, तुम्ही जे तिकडे गावातच राहिलात, त्यांना अजून तसंच वाटत असेल. आणि जे बेल्लमपल्लीच्या खाणीत किंवा नागपूर-चंद्रपूरकडे गेलात, त्यांच्याही कामाचं घरी असंच काहीतरी झालं असेल.

काम असं होतं. सकाळी ओपीडीत आवाजाचे पेशंट बघायचे. भाजीवाले, वकील, मशिदीत बांग देणारे, आणि सगळ्यांत जास्त शिक्षक. दुपारी संशोधन. आमच्या विभागाच्या मॅडमनी मला विषयच शिक्षकांच्या आवाजाचा दिला. टेपरेकॉर्डर समोर ठेवून मास्तर-मास्तरणींना एका दमात "आऽऽ" म्हणायला लावायचं, आणि मग तोच आ पुन्हा पुन्हा ऐकून त्यात खरखर किती, श्वास किती वाया जातो, ते लिहायचं. संध्याकाळी खोलीवर परत येताना कंडक्टरनं "एक्कडिकि?" विचारलं, तरी कुठे जायचंय ते सांगायचा कंटाळा यायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या घशात राहिल्यावर स्वतःच्या घशातून शब्द काढणं नको वाटतं. तो थकवा अजून गेलेला नाही.

तेलुगू पेशंट येऊन म्हणायचे, "गोंतू पोयिंदी." आवाज गेला. आपल्याकडे आवाज जात नाही, बसतो. मला आपलंच बरं वाटायचं. बसलेला माणूस कधीतरी उठतो.

बाबांचा आवाज मात्र बसला तो उठेना. बाबा गावातल्या शाळेत मास्तर. एका खोलीत चार वर्ग, पत्र्याचं छप्पर, आणि तीस वर्षं त्यावरून ओरडणं. दुसरं काय होणार? दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी त्यांना हट्टानं हैदराबादला आणलं. डॉक्टरांनी घशात छोटा आरसा घालून पाहिलं. वाईट रोग नव्हता, पण स्वरतंतूंवर दोन्हीकडे गाठी होत्या. काही आठवडे अजिबात बोलायचं नाही, आणि त्यानंतर जन्मभर हळू बोलायचं, नाहीतर हा आवाज राहणार नाही, असं ठरलं. ते बाबांना समजावून सांगणं हे माझं काम होतं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मौन? माह्या बापानं जनमभर मौनच पाळलं ना. मोठ्या लोकाईसमोर तोंडापुढं शेला धरून उभा राह्यचा, इचारलं तरच बोलायचा, तेबी हळू. आता मी काऊन पाळू?"

यावर वाचा-उपचाराच्या पुस्तकात काही लिहिलेलं नव्हतं. मी रडकुंडीला येऊन मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, गप्प बसत नसतील तर नको बसू देत. ताण न देता मोठं बोलायला शिकव. तशीही एक पद्धत आहे. ओठ मिटून "म्ऽऽ" असा हुंकार द्यायचा, तो नाकाशी, गालांत घुमवायचा आणि हळूहळू त्यातूनच शब्द काढायचे. घशावर भार येत नाही. बाबांना हे पटलं. मुलांकडून पाढे घोकून घेणारा माणूस तो, स्वतःही घोकायला बसला. एका सकाळी मला मागून कोणीतरी हाक मारली आणि मी वळून पाहिलं तर बाबाच होते. इतका स्वच्छ आवाज मी त्यांचा कधी ऐकलाच नव्हता. लहानपणापासून खरखरच ऐकत आले होते. त्या दिवशी मला माझ्या शिक्षणाचा पहिल्यांदा अभिमान वाटला.

ते घरी गेले आणि रोज पहाटे अंगणात हुंकार देऊ लागले. तुमच्यापैकी काहींना पुढचं आठवत असेल, कारण हसलात तुम्हीच. बाबांनी तरुणपणी, बुद्धाला शरण गेल्यावर, घरातले सगळे देव नदीत सोडले होते. आणि आता शेजारची काकू पाणी भरताना सांगू लागली, "मास्तर देवधरमाले लागले वो! सकाळी सकाळी ओम म्हनून राह्यले." दोन दिवसांत एक जण नारळ घेऊन दारात आला. बाबा रस्त्यावर उभे राहून दुपारपर्यंत ओरडत होते, "हा ओम नाही, म आहे म! दवाखान्यातला म!" जितकं ओरडले तितकं लोकांना खरं वाटलं.

त्या दिवसापासून हुंकार बंद झाला. मी सुट्टीत गेले तेव्हा खूप विनवण्या केल्या. घरात दार लावून करा. म नको तर न म्हणा, नऽऽ. "उद्या त्यालेबी कोनता देव सापडन," ते म्हणाले. मला हसू आलं, आणि हसता हसता रडायलाच आलं. ज्यानं सगळं आयुष्य एका गोष्टीसाठी पणाला लावलं, त्याला तीच गोष्ट चारचौघांत खोटी ठरवून घेऊन आवाज वाचवा, असं मी कोणत्या तोंडानं सांगू? आणि सांगितलं नाही तर तो आवाज जाणार, हे माझ्याइतकं कोणाला कळत होतं?

तो गेलाच. वर्षभरात नाही, पण नव्वद सालानंतर बाबा निवृत्त होईपर्यंत उरली ती नुसती कुजबुज, आणि नंतर तीही विरली. मी इथेच इस्पितळात नोकरीला राहिले. रोज कोणाचा तरी आवाज उघडतो, पेशंट आनंदानं माझा हात धरतात, आणि मी "पुढचा" म्हणते. आपल्या माणसाला काही देता आलं नाही की परक्यांचे आशीर्वादही अंगाला लागत नाहीत. हे कोणाला सांगत नाही, तुम्हाला सांगते.

आता वांकिडीला वर्षातून एकदा जाणं होतं. तिथे गेले की दोन दिवसांत हैदराबादची खोली आठवते, आणि इथे आले की तिथलं अंगण. म्हणून घर म्हणजे काय असं कोणी विचारलं, तर मला रविवारचा फोन आठवतो. मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून वांकिडीच्या किराणा दुकानात लावते. आई-बाबा तिथे येऊन थांबलेले असतात. आई आधी सगळं सांगते आणि मग म्हणते, "बाबाले देते, बोलाचं आहे त्याईले." रिसीव्हर हातातून हातात जातो. मी बूथचं दार घट्ट ओढून कान लावते. एका "आऽऽ"वरून घशाचं दुखणं ओळखणारी मी, मला फक्त श्वास ऐकू येतो. बाबा मात्र बोलतच असतात, मध्ये थांबतात, पुन्हा बोलतात.

गेल्या रविवारी आईनं फोन परत घेतला आणि हळूच विचारलं, "काय म्हनले वो बाई? मले तं आजकाल काहीच समजत नाही. तुले तं समजत असन, तुहं शिक्षणच त्याचं आहे."

मी म्हटलं, "तब्येत सांभाळ म्हणाले. आणि पुढच्या महिन्यात ये म्हणाले."

आई तिकडे वळून त्यांना जोरात सांगू लागली, "समजलं तिले, समजलं! सगळं बरोबर समजलं!"