चुटपुट लागते म्हणजे

दादाचं लग्न नुकतंच झालं होतं. वहिनी ओडिशाची, दोघांची ओळख नागपूरला नोकरीत झालेली. नालवाडीच्या आमच्या घरात ती सगळ्यांशी हिंदीत बोलायची आणि नवा मराठी शब्द कानावर पडला की मला अर्थ विचारायची.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी सकाळी आईला ओट्यावरच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाण्यात बुडालेला भात दिसला. वास आंबूस. नासला समजून तिनं तो दारातल्या गाईपुढे ओतला आणि गंज घासून पालथा घातला. वहिनी अंघोळ करून आली, पालथ्या गंजाकडे बघत राहिली आणि खोलीत गेली.

दादा उठल्यावर उलगडा झाला. "आई, तो भात नासला नव्हता. त्यांच्याकडे उन्हाळ्यात असाच रात्रभर भिजवून खातात. इथं आल्यापासून पहिल्यांदा तिनं स्वतःसाठी काही केलं होतं."

आई तशीच वहिनीच्या दाराशी गेली. "पोरी, मले काय मालूम! तू सांगतलं काऊन नाई? लय चुटपुट लागून राह्यली माह्या जिवाले."

"कुछ नहीं हुआ, आई," वहिनी म्हणाली. मग मला हळूच विचारलं, "चुटपुट मतलब? आई को मच्छर काटा क्या?"

मला हसू आलं, पण सांगताना अडले. पश्चात्ताप म्हणावं तर तो फार मोठा शब्द. आईनं गुन्हा थोडाच केला होता? हळहळ तर परक्याच्या नुकसानीचीही वाटते. चुटपुटीत आपल्याच हातून काही चुकलेलं किंवा राहून गेलेलं असतं. लहानसंच, पण मन तिथून हलत नाही. "आणि ती लागते," मी म्हटलं, "भूक लागते, तहान लागते, तशी."

"भूख लगी तो खाना. चुटपुट लगी तो?"

संध्याकाळी आईनं जास्तीचा भात लावला आणि गंज घेऊन वहिनीला हाक मारली. "पाणी किती टाकू? तूच सांग."

सकाळी वहिनीनं त्यात दही कालवलं, कांदा-मिरची घेतली. आईनं एक घास खाल्ला, डोळे बारीक केले. "मीठ पाह्यजे थोडं," म्हणाली आणि पुन्हा वाढून घेतलं.

आता वहिनी काही नवीन झाकून ठेवते तेव्हा आधीच मराठीत बजावते, "आई, हे फेकू नका."

"फेकत नाई वो," आई म्हणते, "खातो मी."