नानांना लेह दाखवायचं ठरलं होतं

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी मनाली-लेह रस्त्यावरच्या एका ट्रान्सपोर्ट प्लाटूनमध्ये होतो. पद नाईक, काम ड्रायव्हरचं. तो रस्ता उन्हाळ्यात चारेक महिने उघडा असे. तेवढ्यात वरच्या पोस्टांचं वर्षभराचं रेशन आणि रॉकेल पोचवायचं. चारला उठणं, साडेचारला गाडीचं इन्स्पेक्शन, पाचला फॉल-इन, सव्वापाचला गाड्यांचा कॉन्व्हॉय सुटे.

प्लाटूनमध्ये खानदेशचे आम्ही दोघंच. मी फैजपूरचा, लान्स नाईक सुकदेव अहिरे पिंपळनेरचा. तो अहिराणी बोले, मी आमच्याकडची बोली. पंजाबी जवानांना दोन्ही सारख्याच कळत नसत.

एका हिवाळ्यात आम्ही दोघं एकाच वेळी रजेवर आलो. माझी बायको तेव्हा जळगावला पिंप्राळ्यात भाड्याच्या खोलीत राहायची. सुकदेव तिथं नकाशा घेऊन आला. त्याला ऑगस्टमध्ये आईवडिलांना लेहला न्यायचं होतं, तेही जीपनं. त्याचे वडील, नाना, तोवर धुळ्याच्या पुढं गेले नव्हते.

"चंदीगडपर्यंत रेल्वेनं ने की," मी म्हटलं.

"नही. रस्तानीच लई जासू. मी किती लांब ऱ्हास ते त्यास्ले समजाले जोयजे."

कॉन्व्हॉयची ऑर्डर लिहावी तसा त्यानं कागद तयार केला. पहिला मुक्काम इंदूर. मग शिवपुरी, दिल्ली, चंदीगड. मनालीत दोन दिवस विसावा, म्हाताऱ्यांना उंचीची सवय व्हावी म्हणून. लष्कराच्या ट्रान्झिट कॅम्पात सिव्हिलियनला जागा नाही, म्हणून केलाँगला एका ढाबेवाल्याची खोली, सरचूला तंबू. लेहला पद्मा नावाच्या एक बाई घरातली खोली पाहुण्यांना देत, त्यांना त्यानं पत्र लिहिलं. जीप साक्रीच्या मामांची, ड्रायव्हर मी. आम्हा दोघांना रजा द्यायचं प्लाटूनच्या सुभेदारसाहेबांनी कबूल केलं होतं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दारचा गाव सोडून बारालाचा खिंडीच्या चढाला लागलो. अकरा गाड्या. सुकदेवची तिसरी, माझी चौथी. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. सकाळी आठ वीसला वरून बारीक दगड आले आणि रस्ता अडला. पुढच्या गाडीतून सुभेदारसाहेबांचा वायरलेसवर हुकूम आला, तो मागं एकेका गाडीला ओरडून सांगितला गेला.

"सब अपनी जगह. इंजन चालू रखो. तीन नंबर, रास्ता साफ करो."

सुकदेव दोन जवानांना घेऊन खाली उतरला. दगड फार नव्हते. पाच मिनिटांचं काम. मला वरचा उतार हलताना दिसला आणि मी हॉर्न दाबला. सुकदेवनं मागं वळून हात वर केला. झालंच, थांब, अशा अर्थानं. मग डोंगर खाली आला.

हॉर्न दाबायला मला किती वेळ लागला, ते मी नंतर पुष्कळदा मोजलं आहे.

तिघं गेले. सुकदेव दुपारी दीडला सापडला. त्या काळी पार्थिव गावी नेण्याची सोय नव्हती. खालच्या कॅम्पात अग्नी दिला. अस्थी घेऊन मी पिंपळनेरला गेलो.

तेरा दिवस नाना माझ्याशी बोलले नाहीत. चौदाव्या दिवशी ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसले.

"तू तठे व्हता ना?"

"हो, नाना."

"मंग माले ती जागा दखाड. ठरेल दिनलेच निघूत."

वर हवा विरळ आहे, तुमच्या वयाला झेपणार नाही, असं मी सांगून पाहिलं.

"मना पोऱ्याले ती हवा चालनी. माले बी चालई."

सुकदेवची आई आली नाही. तिला तो रस्ता बघायचा नव्हता.

आम्ही दोघंच निघालो. मुक्काम सुकदेवनं ठरवले तेच. नाना पुढच्या सीटवर बसत. मनालीपासून पुढं प्रत्येक थांब्यावर एकच विचारत, "आठे तो थांबे का?" मी हो म्हणे. बारालाचाच्या चढावर मी जीपचा वेग कमी केला.

"येताना थांबूत," नाना म्हणाले. "पहिले त्यानी जठे धाडेल शे तठे जाऊत."

लेहला पद्माबाई दारातच उभ्या होत्या. त्यांना कुणी काही कळवलं नव्हतं. माझ्याही ते डोक्यात आलं नव्हतं.

"सुकदेव कौन है आप में? और माताजी?"

मी जीपमधली वळकटी सोडायला लागलो. नानांना हिंदी बेताचीच. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मैं उसका बाप. वो नहीं रहा."

बाईंनी नानांच्या हातातली पिशवी घेतली. त्यांनी खोली दाखवली. एक खाट भिंतीशी, पाय कापून ठेंगणी केलेली. दुसरी खिडकीला लागून. मग त्यांनी आतून सुकदेवचं पत्र आणलं. नानांनी ते मला वाचायला लावलं. पिताजींचा गुडघा वाकत नाही, खाट ठेंगणी असावी. आईला बंद खोलीत घाबरल्यासारखं होतं, तिची खिडकीजवळ घालावी. बाकी हवामानाचं होतं.

नाना त्या संध्याकाळी खिडकीजवळच्या खाटेवर बसून राहिले. अंधार पडल्यावर म्हणाले, "तिले हाई सांगनं पडी."

परतताना बारालाचाच्या चढावर थांबलो. प्लाटूननं तिथं सिमेंटचा लहानसा चौथरा बांधून नावं रंगवली होती. नानांना अक्षरओळख नव्हती. मी त्यांचं बोट धरून पहिल्या नावावर ठेवलं. लान्स नाईक सुकदेव अहिरे. ते बराच वेळ तिथंच उभे राहिले. मग बोट खाली सरकवत त्यांनी बाकीची दोन विचारली.

"सिपाही करमजीत सिंग. सिपाही देवीलाल."

"यास्ना मायबाप ई गयात का आठे?"

"नाही, नाना. त्यांची गावं लांब आहेत."

नानांनी डोक्यावरची टोपी काढली आणि त्या दोन नावांसमोरही तेवढाच वेळ उभे राहिले.