डाव्या दंडाचं परमिट

कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत मी सतरा वर्षं शिफ्टमध्ये काम करतो आणि या सतरा वर्षांत माझ्या हाताखाली कुणाचं बोटसुद्धा भाजलेलं नाही. हे मी लग्नात, बारशात, चर्चच्या अंगणात, जिथे चार माणसं भेटतील तिथे सांगतो. बायको म्हणते, कुणी विचारत नसलं तरी सांगतो.

आमच्याकडे परमिटशिवाय कुठल्याही कामाला हात लावता येत नाही. साधा पाइप खोलायचा असला तरी कागद भरायचा: काम कोणतं, कुठे, कोण करणार, धोका कुठून आहे, तो बंद केला का. सगळ्या सह्या झाल्या की मगच पाना हातात घ्यायचा. ही चांगली सवय लेकीलाही लागावी म्हणून मी घरातही परमिट सुरू केलं. बायको पुऱ्या तळायला लागली की लेक कागद घेऊन ओट्याशी हजर. बायकोनं दोन वेळा सही केली आणि तिसऱ्या वेळी लाटणं दाखवलं. तेव्हापासून पुऱ्या परमिटमधून वगळल्या आहेत.

लेक सात वर्षांची. मागच्या पावसाळ्यात तिला फ्लू झाला, धाप लागली आणि चार दिवस दवाखान्यात ऑक्सिजनवर काढावे लागले. त्यानंतर साध्या सर्दीनंही तिची छाती वाजते. रविवारी उपासनेत पाळकसाहेबांची प्रार्थना संपत आली की हमखास तिचा खोकला सुरू होतो आणि सगळी मंडळी 'आमेन' तोंडात धरून तो संपायची वाट बघते. डॉक्टर मॅडमनी बजावलं होतं, "यंदा पावसाच्या आधी फ्लूची लस द्यायचीच. पहिल्यांदाच घेतेय, म्हणजे महिन्याच्या अंतरानं दोन डोस. तसा फ्लू हिला पुन्हा झालेला मला चालणार नाही." मला तरी कुठे चालणार होता?

लेकीला हे सांगितलं तेव्हा ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "परमिट कुठाय?"

शनिवारी माझी सेकंड शिफ्ट होती, म्हणून सकाळीच रिक्षानं निघालो. मी, लेक आणि आबा. आबा म्हणजे माझे वडील, रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले. त्यांनी खिशात जुनी शिट्टी घेतली होती. लेकीनं माझा सेफ्टी गॉगल घातला होता आणि तो नाकावर ठरत नसल्यामुळे एका हातानं धरून ठेवला होता. रेल्वेखालच्या अरुंद कुरकुंभ मोरीपाशी नेहमीप्रमाणे दोन्हीकडच्या गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या. आबांनी रिक्षातून डोकं बाहेर काढून समोरच्या टेम्पोवाल्याला विचारलं, "कुणाच्या सिग्नलवर आलास रं तू?" टेम्पोवाल्यानं काय उत्तर दिलं ते लेकीसमोर लिहिता येणार नाही.

दवाखान्यात बाक पोरांनी भरलेलं होतं. आमचा नंबर आल्यावर लेकीनं पेन्सिलनं लिहिलेला कागद सिस्टरपुढे केला. काम: सुई. ठिकाण: डावा दंड, उजवा नको, चित्रकलेची स्पर्धा आहे. कोण करणार: सिस्टर. आग विझवायची सोय: पाण्याची बाटली.

"अगं बया, हे काय म्हणायचं?" सिस्टर म्हणाली.

"परमिट हाय," आबा म्हणाले. "सही करा. न्हाईतर गाडी जागची हालायची न्हाई."

डॉक्टर मॅडमनी कागद नीट वाचला आणि पेन काढलं. लेकीनं त्यांना विचारलं, "लस कुठे ठेवली होती?"

"फ्रिजमध्ये."

"त्यात भाजी पण ठेवता?"

"नाही. लसच ठेवतो." मॅडमनी फ्रिज उघडून आतला थर्मामीटर दाखवला. लेकीला त्यातलं ओ की ठो कळलं नसणार, पण तिनं अगदी माझ्यासारखी गंभीरपणे मान हलवली. मला असा अभिमान वाटला म्हणून सांगू! इतका की मी बाकावरच्या एका अनोळखी बाईंना माझी सतरा वर्षं सांगायला सुरुवात केली.

तेवढ्यात मॅडमची सही झालेली बघून आबांनी शिट्टी फुंकली. बाकावरची सहाच्या सहा पोरं एकदम रडायला लागली. एक बाळ तर नुसतं वजन करायला आलं होतं, तेच सगळ्यांत मोठ्यानं रडत होतं.

"आबा, थांबा ना!" लेक ओरडली. "अजून एक राहिलंय."

तिनं कागद गुडघ्यावर ठेवला आणि 'धोका कुठून आहे?' याच्यापुढे जीभ बाहेर काढून लिहिलं. 'सुई' असणार म्हणून मी वाकून पाहिलं. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पप्पा'.

मी मोठ्यानं हसलो. "अगं, धोका सुईचा असतो."

"सुई नुसती टोचते, पप्पा. धोका फ्लूचा आहे. तो तुम्ही आणला होता."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. मागच्या वर्षी दवाखान्यात आबांना सांगत होता. रडत होता. मी झोपले नव्हते."

आबांनी शिट्टी खिशात टाकली आणि भिंतीवरचा बाळांच्या वजनाचा तक्ता वाचायला घेतला.

"बरोबर लिहिलंय तिनं," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "घरात धाप लागणारं मूल असेल तर मोठ्यांनीही लस घ्यायला हवी. तुम्ही घेतलीय?"

मी घेतली नव्हती. कंपनीत गेल्याच महिन्यात लसीचं शिबिर झालं, तेव्हा मी एका टाकीची पातळी बघायला गेलो होतो. ती टाकी दोन वर्षं बंद आहे. खरं सांगायचं तर मला सुईची भयंकर भीती वाटते.

"आन् आबा, तुम्ही?" सिस्टरनं विचारलं.

"मी पेन्शनर मानूस. मला काय व्हतंय?"

"तुमच्या वयाला तर आधी पायजे."

"आधी धोका बंद करायचा, मग काम," लेक म्हणाली. वाक्य माझंच होतं. मी मुकाट्यानं बाही वर केली.

"सोडा," सिस्टर म्हणाली.

"सोडलाय दंड."

"दंड न्हाई हो, माझं मनगट सोडा."

सुई कधी गेली ते कळलंच नाही. झाल्यावरही मी दोन मिनिटं डोळे मिटून बसलो होतो आणि आग विझवायची बाटली शेवटी मलाच पाजण्यात आली. मग आबा झाले. मग लेक. ती एकदा "आई गं" म्हणाली, बस्स.

"धोका बंद झाला?" तिनं पेन्सिल हातात घेऊन मॅडमना विचारलं.

"निम्मा. लस लागू पडायला दोन आठवडे जातात. आणि तरीही पप्पांना सर्दीताप आला तर त्यांनी मास्क लावायचा, हात धुवायचे, तुझ्यापासून लांब झोपायचं."

तिनं 'निम्मा' असं लिहिलं.

थोडा वेळ थांबायला सांगितलं होतं, म्हणून आम्ही तिघं दंडाला कापूस लावून बाकावर बसलो. लेकीनं हळूच विचारलं, "पप्पा, तेव्हा तुम्हाला ताप आलाय हे तुम्हाला माहीत नव्हतं ना?"

'नव्हतं' म्हणता आलं असतं. पण कंपनीच्या गेटवर कपाळाला थर्मामीटर लावतात म्हणून त्या दिवशी मी तापाची गोळी घेऊन कामावर गेलो होतो, हजेरी बुडू नये म्हणून. संध्याकाळी घरी आलो तेव्हा गोळीचा असर संपला होता, अंग चटचट भाजत होतं. ती पळत आली आणि मी तिला उचलून घेतलं.

"माहीत होतं," मी म्हणालो. मला तिच्याकडे बघवेना, इतकी लाज वाटली.

मग तिनं स्वतःच्या दंडावरचा हात काढला आणि माझ्या दंडावरचा कापूस दाबून धरला. "असं दाबायचं असतं, नाहीतर रक्त येतं," ती म्हणाली. रक्त केव्हाच थांबलं होतं, पण रिक्षा येईपर्यंत तिनं हात काढला नाही.